पंधरा ते सतरा

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सासऱ्यांनी बोलीच्या डब्यातून एक नो-ट्रम्पचं कार्ड काढून टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवलं. समोर भिडू म्हणून बसलेली सून क्लबच्या नियमाप्रमाणे त्या बोलीचा अर्थ सांगत मोठ्याने म्हणाली, "पंधरा ते सतरा."

सासऱ्यांच्या डाव्या हाताला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पास दिला. सुनेने आपली तेरा पानं पुन्हा एकदा पाहिली. किलवरचा एक्का, इस्पिकचा राजा, बदामची राणी आणि गुलाम, बाकी सगळं भरताड. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. दहा. समोर कमीत कमी पंधरा असतील तर बेरीज पंचवीस होते, आणि पंचवीस झाले की तीन नो-ट्रम्पचा, म्हणजे हुकुमाशिवाय नऊ हातांचा, गेम लावायचा, हे ब्रिज शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात. त्यात डोकं चालवण्यासारखं काही नसतं.

तिचा हात परस्पर हिरव्या कार्डाकडे गेला. तिने पास दिला.

डॉक्टरीणबाईंनी उतारी केली, सुनेने आपली पानं उघडी करून टेबलावर मांडली, आणि डाव सुरू झाला. खोली नेहमीसारखीच होती. वाचनालयाचा वरचा मजला, आठ टेबलं, एक लुकलुकणारी ट्यूबलाइट, कोपऱ्यात चहाची किटली आणि तिच्याजवळ उलटे ठेवलेले कप. बोलणं जवळजवळ नाहीच. पानं कापडावर पडल्याचा मऊ आवाज तेवढा. सासरे न घाईत, न रेंगाळत खेळले. डमीतलं, म्हणजे तिच्या उघड्या पानांतलं, पान हवं असलं की ते बोट न दाखवता नुसतं नाव घेत, आणि सून ते पान पुढे सरकवी. त्यांनी सातच्या जागी आठ हात केले. पानं पडत गेली तशी सून मनात मोजत गेली. इस्पिकचा एक्का. चौकटचा एक्का. बदामचा राजा. चौकटचा गुलाम. शेवटचा हात झाला तेव्हा तिची बेरीज बारावर थांबली होती.

"एक विचारू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रागावणार नसाल तर."

"विचारा ना."

"तुमच्याकडे दहा होते. यांनी दाखवले पंधरा ते सतरा. मग पास कसा काय?"

"पानं बरी वाटली नाहीत. सगळी विस्कटलेली होती."

"अहो, दहा म्हणजे दहा," डॉक्टरीणबाईंचा भिडू म्हणाला. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि प्रत्येक खुर्चीवर बसताना तो आधी ती हलवून बघे. "मला दहा आले तर मी घरी फोन करून कळवतो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आणि तराजूंकडे निघाले बारा. मी मोजलेत."

क्लबमध्ये सासऱ्यांना सगळे तराजू म्हणत. औषधांचं दुकान चालवलेला माणूस, आणि बोलीत अर्ध्या पॉइंटाचीही चूक नाही, म्हणून कधीतरी पडलेलं नाव. तोंडावर म्हटलं तरी ते वाईट वाटून घेत नसत. आताही नाही घेतलं. पानं गोळा करून पाकिटात सरकवता सरकवता ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? नो-ट्रम्प उघडलं की माझं बोलणं संपलं. पुढचं सगळं हिचं."

डॉक्टरीणबाईंनी हात वर करून मास्तरांना बोलावलं.

मास्तर हे क्लबचे पंच. शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढचा डाव सुरू करायला सांगितलं. पण चहाच्या वेळी, सासरे कप घेऊन खिडकीशी उभे असताना, त्यांनी सुनेला पानांच्या कपाटामागे बोलावलं.

"त्यांनी चुकीचं मोजलं, त्याबद्दल माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "चुकतं माणसाचं. चुकलेल्यासाठी नियम नाही. पण तो चुकणार हे त्याच्या भिडूला आधीच माहीत असेल, आणि भिडू तेवढं कापून बोली लावत असेल, तर ते समोरच्यांनाही माहीत हवं. जोडीत गुपित नको. त्यासाठीच तर ते मोठ्याने सांगायचं असतं."

"मला काही माहीत नाही, मास्तर."

"तुमच्या हाताला माहीत आहे."

कपाटाच्या काचेत तिला खिडकीशी उभ्या सासऱ्यांची पाठ दिसत होती. ताठ, इस्त्रीचा शर्ट, मानेवर नीट कापलेले केस.

"ही पहिली तक्रार नाही," मास्तर म्हणाले. "आधीच्या मी तुमच्यापर्यंत येऊ दिल्या नाहीत. आता दोनच गोष्टी करता येतील. एक, ते जे म्हणतात ते खरं धरून चालायचं. दहा असतील तर तीन लावायचे, आणि पडलात तर पडलात. नाहीतर मग जे खरं आहे ते टेबलावर सांगायचं. बारा ते सतरा म्हणा, दहा ते सतरा म्हणा. ही काही मोठी स्पर्धा नाही, क्लब आहे. मी चालवून घेईन."

"त्यांच्या तोंडावर?"

"टेबलाशी चारच माणसं असतात."

"त्यातले एक ते आहेत."

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"पुढच्या गुरुवारी मी तुमच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसेन," ते म्हणाले. "तेवढं मला करावंच लागेल."

घरी जाताना सासरे एवढंच म्हणाले, "आठ हात झाले. चांगला डाव होता."

आणि थोडं पुढे गेल्यावर, "डॉक्टरीणबाईंनी उतारी जरा घाईत केली."

दोन्ही खरं होतं.

सासूबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या असेपर्यंत त्याच सासऱ्यांच्या भिडू होत्या. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरात स्वयंपाक लवकर उरके. त्या गेल्यावर सासरे सहा महिने क्लबात फिरकले नाहीत. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना त्यांनी मागच्या फळीवरची खोकी बाजूला केली आणि सुनेसमोर पत्त्यांचा जोड ठेवला.

"मला तर यातलं ओ की ठो कळत नाही, बाबा," ती म्हणाली होती.

"म्हणून तर तू बरी. ज्यांना येतं त्यांना दुसऱ्याचं ऐकवत नाही."

तिचा नवरा लिफ्ट बसवायच्या कंपनीत होता आणि पत्त्यांच्या नावाने त्याला जांभया येत. एकुलत्या एका मुलाने दुकानाला हात लावला नाही आणि पत्त्यांनाही लावला नाही. औषधशास्त्र शिकून आलेल्या सुनेने दोन्ही घेतलं. घरात तो म्हणे, "तुम्हा दोघांचं बोलणं म्हणजे दोन वाक्यं आणि तिसऱ्याला पास."

सासऱ्यांनी तिला सगळ्यात आधी शिकवलं ते एक नो-ट्रम्प. बाकीच्या बोल्या, ते म्हणाले, गप्पांसारख्या असतात. तू थोडं सांग, मी थोडं सांगतो, पुन्हा तू. नो-ट्रम्प तसं नाही. त्यात हातचं राखून काही ठेवायचं नाही. सगळे रंग सारखे, पॉइंट पंधरा ते सतरा, एका दमात सांगून मोकळं व्हायचं. आणि सांगून झालं की गप्प बसायचं. कारण आता दोघांच्या हातांची बेरीज एकालाच करता येते, ज्याने ऐकलं त्याला. कुठे थांबायचं, कुठवर जायचं, ते त्यानेच ठरवायचं.

"आणि त्याने चुकीचं ठरवलं तर?" तिने विचारलं होतं.

"तर तोंड वाकडं करायचं नाही. आपण हात त्याच्या हवाली केलेला असतो."

दुकानातही त्यांची अशीच एक शिस्त होती आणि ती अजून चालू होती. औषध एकाने काढायचं, दुसऱ्याने चिठ्ठीवरचं नाव आणि पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात नाही. गिऱ्हाईक ऐकतंय, हसतंय, घाई करतंय, तरी मोठ्याने. नव्याने लागलेल्या विक्रेतीला लाज वाटे. सासरे तिला सांगत, "मनात वाचताना माणूस जे हवं ते वाचतो. मोठ्याने वाचताना जे लिहिलंय तेच वाचावं लागतं."

शुक्रवारी दुपारी गल्ल्यामागे उभी राहून सून नावं वाचत होती आणि तिच्या डोक्यात तेच वाक्य घोळत होतं. काल संध्याकाळी तिने जे मोठ्याने वाचलं होतं, ते लिहिलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी दुकान सोडलं तेही असंच, काही गाजावाजा न करता. सकाळी येऊन शटर उघडलं, किल्ल्यांचा जुडगा काट्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, "आता तू बघ. डोळे दगा देतायत." तिने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची तयारी दाखवली. त्यांनी टाळलं. तिने पुन्हा आठवण केली, त्यांनी पुन्हा टाळलं. मग तो विषयच मागे पडला. त्यानंतर दुकानात ते आले ते मोसंबी-बिस्किटं घेऊन, पाहुण्यासारखे. गल्ल्यामागे पाऊल टाकलं नाही.

रविवारी नवरा सकाळीच एका अडकलेल्या लिफ्टच्या फोनवर धावला. सासरे जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. सुनेने भांडी आवरली, टेबल पुसलं आणि पत्त्यांचा जोड आणून ठेवला.

"सराव करू या का जरा?"

"आज काय विशेष?"

"विशेष काही नाही. हात गंजलाय."

तिने पानं पिसली, वाटली, तेरा त्यांच्यासमोर सरकवली. पिसताना तिने काही लबाडी केली नव्हती, तरी पानं हातात घेताना त्यांनी तिच्याकडे जे पाहिलं त्यामुळे आपण लबाडी केल्यासारखं तिला वाटलं. त्यांनी पानं रंगांप्रमाणे लावली. अंगठा एकेका पानावरून सरकत गेला.

"किती, बाबा?"

"तेरा."

"उघडाल?"

"एक किलवर. नो-ट्रम्पला दोन कमी पडतायत."

तिने हात पुढे करून पानं घेतली आणि मोजली. तेरा. बरोबर होतं. बोलीही बरोबर होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिने पानं पुन्हा पिसायला घेतली, आणि सासऱ्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. मास्तर काय म्हणाले?"

"काही नाही."

"कपाटामागे नेऊन काही नाही म्हणाले?"

सासऱ्यांनी तिच्या हातातला जोड घेतला आणि चारही कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या.

"बारा होते," ते म्हणाले. "गुरुवारी. मला माहीत होतं बारा आहेत."

"मग?"

"मोजता येतं गं. मोजायला काय लागतं? पण एक किलवर म्हटलं की तू काहीतरी म्हणणार. एक बदाम, समज. मग मी बोलायचं. मग तू. तिसऱ्या वेळेपर्यंत..." त्यांनी जोड आडवा केला, पुन्हा कडा ठोकल्या. "कार्डं समोर असतात. दिसतात. तू एक बदाम म्हणालीस, हे दिसतं. ते का म्हणालीस, तेच जातं. समोर पाटी आहे, अक्षरं आहेत, आणि वाचता येत नाही, असं होतं."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. ती उठून बंद करून आली. परत आली तेव्हा सासरे तसेच बसलेले होते.

"नो-ट्रम्पचं बरं असतं," ते म्हणाले. "एकदाच बोलायचं. पुढचं तू सांभाळतेस. तू सांभाळतेस हे मला दिसलं होतं. दोन चौकट म्हणायचंही तू सोडून दिलंस."

ते खरं होतं. नो-ट्रम्पवर दोन चौकट म्हणजे चौकट नव्हे. माझ्याकडे बदाम लांब आहेत, तुम्ही दोन बदाम म्हणा, असा तो निरोप. साधा, वर्षानुवर्षांचा. या वर्षाच्या सुरुवातीला एकदा तिने तो दिला आणि सासऱ्यांनी त्यावर पास दिला. तिच्याकडे चौकटची जेमतेम दोन पानं, त्या बोलीत त्यांचा धुव्वा उडाला. ते हसले, तीही हसली, आणि तेव्हापासून तिने तो निरोप पुन्हा कधी दिला नाही. आपण तसं ठरवलंय, हेही तिला आतापर्यंत माहीत नव्हतं.

"आणि खेळताना?" तिने विचारलं.

"खेळ जमतो. पानं पुढ्यात असतात, एकेक हात येतो नि जातो. हाताला सवय आहे. किती दिवस जमेल ते माहीत नाही."

टेबलावर वर्तमानपत्र उघडंच होतं. शेवटचं पान, बारीक अक्षरांतल्या जाहिराती. ते आल्यापासून तेच वाचत होते. तिची नजर त्या पानावरून त्यांच्या रिकाम्या नाकाकडे गेली. चष्मा कुठे दिसत नव्हता. खिशात नव्हता, टेबलावर नव्हता.

"बाबा, डोळे—"

"डोळ्यांना काय झालंय? ठणठणीत आहेत." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "एक दिवस दुकानात पाकीट हातात घेऊन उभा होतो. नाव वाचता येत होतं. पण ते कोणासाठी काढलं, का काढलं... समोरची बाई वाट बघत होती. तू आतून आलीस, चिठ्ठी मोठ्याने वाचलीस, आणि मी पाकीट तिला दिलं. बरोबर होतं. कोणाला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी किल्ल्या ठेवल्या."

तिला तो दिवस आठवायचा होता. आठवला नाही. तिच्यासाठी तो इतर दिवसांसारखाच गेला होता.

"यांना माहीत आहे?" तिने विचारलं. नवऱ्याबद्दल.

"नाही. तो लगेच दुरुस्त करायला निघेल. हत्यारांची पेटी घेऊन." ते हसले, आणि ते हसू जितका वेळ टिकायला हवं तितकाच वेळ टिकलं.

"मला आधी सांगायचं होतंत, बाबा."

"सांगणारच होतो. पण दर गुरुवारी तू म्हणतेस ना, पंधरा ते सतरा. खणखणीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं." त्यांनी पत्त्यांचा जोड तिच्याकडे सरकवला. "ते ऐकायला बरं वाटतं."

खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणी तरी "येऊ द्या, येऊ द्या" करत होतं.

"मास्तर म्हणतात, खरं असेल ते टेबलावर सांगा," ती शेवटी म्हणाली. "नाहीतर तुमचे पंधरा धरून चाला. येत्या गुरुवारी ते शेजारी बसणार आहेत. काय करू?"

सासरे उठले. खुर्ची आवाज न करता आत सरकवली, जशी ते नेहमी सरकवत.

"मी माझा हात सांगितला," ते म्हणाले. "पुढचं मला विचारायचं नसतं."

पुढचे चार दिवस तिने नवऱ्याला सांगायचं तीनदा मनात आणलं. सोमवारी तो दमून आला होता. मंगळवारी तो आणि सासरे मिळून टीव्हीवर सामना बघत होते, सासऱ्यांनी एका खेळाडूचं नाव चुकवलं आणि मुलाने त्यांची चेष्टा केली, "बाबा, तो रिटायर होऊन मुलांना शिकवतोय आता." तिघंही हसले. बुधवारी तिने तोंड उघडलं, आणि गुरुवारी गॅसचं सिलिंडर येणार आहे एवढं सांगितलं.

गुरुवारी सासरे तिच्या आधी तयार होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात रुमाल. वाचनालयाचा जिना चढताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही.

मास्तर बोलल्याप्रमाणे खुर्ची टाकून बसले, टेबलापासून हातभर अंतरावर, कोणाचीच पानं दिसणार नाहीत अशा बेताने. पहिल्या फेरीला काही घडलं नाही. बोली समोरच्यांची होती. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या फेरीला डॉक्टरीणबाई आणि फर्निचरवाला आले.

"आज पहारा बसवलाय," खुर्ची हलवून बघत फर्निचरवाला म्हणाला. "आता मला माझे पॉइंटही बरोबर मोजावे लागणार."

"ते तुम्ही कधीही सुरू करू शकता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पानं पाकिटातून बाहेर आली. पाकिटावर वाटणाऱ्याची खूण सासऱ्यांच्या बाजूला होती, म्हणजे पहिली बोली त्यांची. त्यांनी पानं लावली. अंगठा एकेका पानावरून सरकला, शेवटी पोचला, आणि पुन्हा पहिल्या पानावर येऊन थांबला. मग त्यांनी डब्यातून कार्ड काढून कापडावर ठेवलं.

एक नो-ट्रम्प.

सुनेने आपली पानं टेबलावर पालथी ठेवली. डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. घोषणा झाल्याशिवाय त्यांना पुढे बोलता येत नव्हतं. मास्तर खाली बघत होते. शेजारच्या टेबलावर कोणी तरी कप बशीत ठेवला.

"दहा ते सतरा," ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीइतकाच मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरच्या एकाने मान वळवली.

"दहा?" फर्निचरवाल्याने विचारलं.

"हो. कधी कधी ते कमी पॉइंटांवरही उघडतात. किती कमी, ते मला सांगता येत नाही. म्हणून दहा ते सतरा."

फर्निचरवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने ते मिटलं. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं नाही. आपल्या पानांकडे नको तितका वेळ पाहत राहिल्या, मग हिरवं कार्ड काढून हळूच ठेवलं.

भिडूच्या घोषणेवर उघडणाऱ्याने चकार शब्द काढायचा नसतो. चेहराही हलू द्यायचा नसतो. सासऱ्यांनी तो नियम पाळला. त्यांनी फक्त पंख्यासारखी धरलेली पानं मिटवून एकावर एक केली, आणि दोन्ही हात त्यांच्यावर ठेवले.

आता सुनेची पाळी होती. तिने पानं उचलली. चौकटचा एक्का. इस्पिकची राणी. किलवरचा राजा आणि गुलाम. मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजले. दहा.

समोर दहा असतील तर वीस. बारा असतील तर बावीस. दोन्ही वेळा थांबणं शहाणपणाचं. पंधरा असतील तरच पंचवीस. आता थांबली असती तरी तिला कोणी काही विचारलं नसतं. जे तिला माहीत होतं ते टेबलाला माहीत होतं. मास्तरांची खुर्ची किंचित करकरली.

तिची बोटं हिरव्या कार्डावरून पुढे गेली. तिने तीन नो-ट्रम्पचं कार्ड काढलं आणि सासऱ्यांच्या कार्डासमोर, कडेला कड लावून ठेवलं.

सासऱ्यांनी वर पाहिलं. एकदाच.

तीन पास पडले. डॉक्टरीणबाईंनी या वेळी उतारीची घाई केली नाही. बदामची चौकी आली. सुनेने आपली पानं रंगवार उघडी मांडली आणि हात मांडीवर घेतले. डमी झालेल्या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही, आणि भिडूच्या पानांत डोकावणं वर्ज्य असतं. नऊ हात हवे होते. सासरे उघड्या पानांकडे बघत बसले. ट्यूबलाइट लुकलुकली. फर्निचरवाल्याने घड्याळाकडे पाहिलं.

"बदामातलं छोटं," सासरे म्हणाले.

सुनेने ते पुढे सरकवलं. तेव्हा सात वाजत आले होते. घरी नवऱ्याला अजून सांगायचं होतं. आणि सासऱ्यांच्या मिटलेल्या तेरा पानांतलं पहिलं पान अजून कापडावर पडायचं होतं.